पांढऱ्या किल्ल्याने कोट का काढला?



आमच्या घरी एक जुना फोटो आहे. २००६ साली आम्ही दोघे नोकरीनिमित्त नुकतेच अबुधाबीत राहायला आलो होतो, तेव्हाचा. फोटोत आम्ही रस्त्याच्या कडेला उभे आहोत आणि मागे एका किल्ल्याचा बुरूज दिसतो आहे. बुरूज कसा? अगदी दुधासारखा पांढरा! त्या वेळी अनेकजण त्याला 'पांढरा किल्ला' असेच म्हणत.

गेल्या हिवाळ्यात मुलांची आजी जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून इकडे आली होती. सुट्टीच्या दिवशी आम्ही सगळे मिळून तो किल्ला पाहायला गेलो. मुलांनी निघण्यापूर्वी तो फोटो पाहिला होता. आत गेल्यावर जुन्या बुरुजासमोर आमची धाकटी एकदम थांबली. बुरूज पांढरा नव्हताच! खडबडीत, भोकाभोकांचे, मातकट रंगाचे दगड उघडे दिसत होते.

"बाबा, ह्याला रंग द्यायचा राहिला का?" तिने विचारले.

"अगं, जुना झालाय तो. रंग उडाला असेल," थोरल्याने आपले शहाणपण सांगितले.

आजीने चष्मा सारखा केला, भिंतीजवळ जाऊन नीट पाहिले आणि म्हणाली, "रंग उडालेला नाही बाळांनो. कोणीतरी मुद्दाम कोट काढून ठेवलाय. आणि बरं का, हा नुसता किल्ला नाही. ही तर आपल्याकडची गढी आहे!"

आजीच्या दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. त्या कशा, ते आज पाहूया.

नावातच सारे काही

ह्या वास्तूचे नाव 'कस्र अल होस्न'. अरबी भाषेत 'कस्र' म्हणजे राजवाडा आणि 'होस्न' म्हणजे किल्ला. म्हणजे नावातच किल्लाही आहे आणि वाडाही. आपल्या मराठीत अशा दुहेरी वास्तूला एक सुंदर शब्द आहे: गढी. खानदेशात, मराठवाड्यात, विदर्भात देशमुखांच्या आणि पाटलांच्या गढ्या असत. बाहेरून जाड तट आणि कोपऱ्यांवर बुरूज, आत मात्र राहता वाडा, सदर, धान्याची कोठारे आणि विहीर. आता त्यांतल्या कितीतरी ढासळून मातीचे ढिगारे झाल्या आहेत. आमच्या गावातही असा एक ढिगारा आहे. आजी लहानपणी तिथे खेळायला जायची, म्हणून तिला ओळख पटली.

आणखी एक गंमत सांगतो. दुबईचा 'बुर्ज खलिफा' तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. हा 'बुर्ज' आणि सिंहगडाचा 'बुरूज' हे दोन शब्द नाहीत, एकच शब्द आहे! मूळ अरबी, तो फारसीच्या वाटेने मराठीत आला. 'किल्ला', 'महाल', 'हौद' आणि 'खंदक' हे शब्दही असेच अरबीतून आपल्याकडे पोचले. म्हणजे इथल्या किल्ल्यात शिरताना आपण अगदीच परके नसतो. निम्मे शब्द आपल्या ओळखीचे असतात.

पहिली पायरी : पाण्यासाठी बुरूज

अबुधाबी हे बेट आहे हे तुम्हाला माहीत आहेच. चहूकडे पाणी, पण सगळे खारट! अशी कथा सांगतात की, १७६१च्या सुमारास वाळवंटातल्या लिवा भागातले बनी यास जमातीचे शिकारी एका हरणाचा माग काढीत ह्या बेटावर आले. ते हरीण एका झऱ्याचे पाणी पीत होते. 'अबू धाबी' ह्या नावाचा अर्थ 'हरणाचा बाप', म्हणजे हरणांचा मुलूख. कथा बाजूला ठेवली तरी एक गोष्ट पक्की आहे. ह्या बेटावर पिण्याजोगे पाणी सापडले आणि त्यामुळेच इथे वस्ती झाली.

मग त्या पाण्याची राखण करायला नको का? म्हणून विहिरीजवळ एक टेहळणीचा बुरूज उभारला गेला. बुरुजावरून पाण्यावर लक्ष ठेवता येई आणि समुद्रातून कोणती गलबते येताहेत हेही दिसे. आपल्याकडे तरी काय वेगळे होते? गड बांधण्यापूर्वी तिथे पाणी आहे का, हे आधी पाहत. पाण्याची टाकी नसलेला गड वेढा पडला तर फार दिवस टिकत नाही.

दुसरी पायरी : बुरुजाचा किल्ला झाला

१७९०च्या दशकात बनी यासांचे प्रमुख शेख शखबूत बिन दियाब ह्यांनी आपले ठाणे लिवाहून अबुधाबीला आणले. एकट्या बुरुजावर आता भागणार नव्हते. बुरुजाला जोडून भिंती आणि आणखी बुरूज बांधले गेले आणि १७९५च्या सुमारास छोटासा किल्ला तयार झाला. अल नाहयान घराण्याचे हे राहण्याचे आणि कारभाराचे ठिकाण. आजही अबुधाबीचे राज्यकर्ते ह्याच घराण्यातले आहेत.

हा किल्ला बांधला कशाने? इथे ना सह्याद्रीचा काळा दगड, ना कोकणातला जांभा. इथल्या माणसांनी समुद्राकडेच दगड मागितला. उथळ पाण्यातून प्रवाळाचे, म्हणजे पोवळ्याच्या जातीचे दगड काढायचे, ते वाळवायचे आणि चुन्यात बसवायचे. प्रवाळ हा एका चिमुकल्या समुद्री जिवाने बांधलेला दगड. त्यात असंख्य बारीक छिद्रे असतात. त्यामुळे तो वजनाला हलका असतो आणि छिद्रांतल्या हवेमुळे बाहेरचे ऊन आत लवकर पोचत नाही. वरून चुना, वाळू आणि शिंपल्यांचा चुरा मिसळून केलेला गिलावा देत. उन्हात तो चमके. म्हणजे पांढरा रंग जुन्या काळीही होता. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे!

छपरासाठी लाकूड हवे. वाळवंटात मोठी झाडे कुठली? म्हणून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतांतून खारफुटीचे वासे येत, आणि चांगले सागवान येई ते आपल्या भारतातून. अरबीत सागाला 'साज' म्हणतात. साग आणि साज, ऐका बरे किती जवळ आहेत! खारफुटीचे वासे फार लांब नसत. वासा जेवढा लांब तेवढीच खोली रुंद, म्हणून आखातातल्या जुन्या घरांच्या खोल्या लांबट आणि अरुंद असतात. आपल्या वाड्यांतही दोन खांबांमधल्या अंतराला 'खण' म्हणत आणि घर किती मोठे हे खणांवरून सांगत. घराचे माप लाकूड ठरवते, हा नियम दोन्हीकडे एकच.

तिसरी पायरी : किल्ल्याचा वाडा झाला

त्या काळात अबुधाबी मोत्यांवर जगत असे. उन्हाळ्यात पाणबुडे समुद्रात उतरून शिंपले वर काढीत. आखातातल्या मोत्यांची मोठी बाजारपेठ होती आपली मुंबई. व्यवहार चाले तो रुपयांत. इथे भारतीय रुपया चालत असे आणि १९५९नंतर खास आखातासाठी काढलेला वेगळा रुपया होता, तो १९६६पर्यंत वापरात होता. तुमच्या आईबाबांना घरी पैसे पाठवताना दिरहमचे रुपये करावे लागतात. तेव्हा तो प्रश्नच नव्हता!

पण १९३०च्या सुमारास दोन संकटे एकदम आली. जगभर मंदी आली आणि जपानमधले लागवड केलेले स्वस्त मोती बाजारात पसरले. आखातातली मोत्यांची वस्ती गरीब झाली. त्या वेळी राज्यावर होते शेख शखबूत बिन सुलतान (१९२८ ते १९६६). १९३९च्या जानेवारीत त्यांनी एका तेल कंपनीशी ७५ वर्षांचा करार केला. तेल अजून सापडलेही नव्हते, पण करारापोटी पैसे मिळू लागले.

त्या पैशांतून काय केले? १९३९ ते १९४५ ह्या काळात जुन्या छोट्या किल्ल्याला कवेत घेणारा मोठा राजवाडा बांधला गेला. त्यात घराण्याच्या राहण्याच्या खोल्या होत्या आणि मजलिस, म्हणजे आपली सदर. तिथे लोक येऊन शेखांना भेटत, कॉफी घेत, आपली गाऱ्हाणी सांगत. जुना किल्ला पाडला मात्र नाही. तो आत तसाच राहिला, नारळाच्या आत खोबरे असावे तसा.

१९४८ साली विल्फ्रेड थेसिजर नावाचा इंग्रज प्रवासी उंटांवरून मोठे वाळवंट ओलांडून अबुधाबीला आला आणि शेख शखबूतांना भेटला. तेव्हा हा वाडा गावातली सर्वांत मोठी वास्तू होती. आजूबाजूला बहुतेक घरे खजुराच्या झावळ्यांची. आज त्याच वाड्याभोवती काचेच्या उंच इमारती आहेत आणि वाडा त्यांच्या पायाशी बसलेला दिसतो.

वाडा रिकामा होतो

१९५८ साली समुद्राखाली तेल सापडले आणि १९६२ साली पहिले जहाज तेल घेऊन निघाले. १९६६च्या ऑगस्टमध्ये शेख झायेद राज्यावर आले. शहर भराभर वाढू लागले. राज्यकर्त्यांचे राहणे दुसरीकडे गेले.

मुलांनो, घराला सर्वांत मोठा धोका कशाचा? वादळाचा? वाळवीचा? आजीला विचारा. ती सांगेल, घराला सर्वांत मोठा धोका रिकामे राहण्याचा. चूल पेटत नाही, केर निघत नाही, गळले तर कळत नाही. मग घर मुकाट्याने ढासळू लागते.

कस्र अल होस्नचे नशीब चांगले. १९६८ साली तिथे जुनी कागदपत्रे जमवण्याचे आणि अभ्यासाचे केंद्र सुरू झाले. ज्या वाड्यातून पूर्वी राज्य चाले, तिथे आता राज्याचा इतिहास गोळा होऊ लागला. वाड्याला माणसांची ये-जा मिळाली. पुढे १९७६ ते १९८३ ह्या काळात त्याची मोठी दुरुस्ती झाली आणि भिंतींवर नव्या पद्धतीचा जाड, गुळगुळीत पांढरा गिलावा चढवला गेला. आमच्या फोटोतला पांढराशुभ्र बुरूज तो हाच!

म्हणजे फोटोतला पांढरा किल्ला 'जुना' नव्हताच. तो कोट आमच्याच वयाचा होता! आणि आमच्या धाकटीला 'रंग द्यायचा राहिला' असे वाटले, ते दगड दोनशे वर्षांपूर्वीचे.

कोटाने काय केले?

आता खरा प्रश्न. इतका छान, स्वच्छ कोट होता, तर तो काढला का?

आपल्या मातीच्या माठाची आठवण करा. माठातले पाणी गार का होते? माठाच्या अंगात बारीक छिद्रे असतात. त्यातून थोडे पाणी बाहेर झिरपते, वाळते आणि वाळताना माठ गार करते. त्या माठाला बाहेरून ऑइलपेंट फासला तर? पाणी झिरपायचे थांबेल आणि माठ नुसते मडके होईल.

प्रवाळाची भिंत माठासारखीच आहे. समुद्राच्या दमट हवेतून आणि जमिनीतून तिच्यात ओल शिरते. जुना चुन्याचा गिलावा सच्छिद्र होता. दिवसा ऊन पडले की ओल त्यातून बाहेर निघून जाई. भिंत जणू श्वास घेई. नव्या कोटाने ही वाट बंद केली. ओल आतच कोंडली. त्यात मीठही होते, कारण दगड समुद्रातला आणि हवाही समुद्राची. पाणी वाळले की मिठाचे स्फटिक होतात आणि स्फटिक वाढताना जागा मागतात. दगडाच्या बारीक छिद्रात त्यांना जागा कुठली? ते दगडालाच आतून रेटतात आणि दगडाचा भुगा होऊ लागतो. आपल्याकडे भिंतीवर अशी पांढरी पूड आली की 'भिंतीला लोणा लागला' असे म्हणतात. कोटाखाली लोणा लागला तर तो दिसतही नाही. वरून भिंत चकचकीत, आतून पोकळ!

हे वाचून तुम्ही म्हणाल, दुरुस्ती करणाऱ्यांना एवढेही कळले नाही का? असे म्हणू नका. त्यांनी ते प्रेमानेच केले होते. हे आम्ही ठामपणे सांगू शकतो, कारण अगदी हीच चूक आम्ही स्वतः केली आहे.

आमचे गावचे घर धाब्याचे, म्हणजे मातीच्या भिंतींचे आणि वर मातीचेच सपाट छप्पर असलेले. आजी दरवर्षी भिंती माती-शेणाने सारवून घ्यायची. २०११ साली आम्हाला वाटले, आता आपल्याला चांगले दिवस आले आहेत, आईला हा व्याप कशाला? आम्ही इथून पैसे पाठवले आणि सगळ्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करवून वर गुलाबी ऑइलपेंट मारून घेतला. आजी फोनवर म्हणाली होती, "अरे, मातीला सिमेंट धरत नाही." आम्ही इंजिनियर! आम्ही ऐकले नाही. पहिल्या दिवाळीला घर इतके सुंदर दिसत होते की आम्ही सर्वांना फोटो दाखवले.

तीन पावसाळ्यांनंतर माजघराच्या भिंतीला पोट आले. एके रात्री गिलाव्याचा मोठा पोपडा सुटून खाली पडला आणि त्याच्याबरोबर आतली भिजलेली माती. सुदैवाने आजी त्या रात्री ओसरीवर झोपली होती. भिंत उतरवावी लागली. त्याच भिंतीत आजोबांनी स्वतः बसवलेला कोनाडा होता. तो गेला. आजी आम्हाला काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

म्हणून कस्र अल होस्नच्या उघड्या दगडांसमोर आजी इतका वेळ का उभी राहिली, ते मुलांना कळले नाही, आम्हाला कळले.

कोट उतरवला

आमच्या माजघराच्या भिंतीपेक्षा ह्या किल्ल्याचे दैव बलवत्तर. जाणकारांनी भिंती तपासल्या. आतल्या जुन्या किल्ल्यावरचा नवा कोट उतरवून प्रवाळाचे मूळ दगड मोकळे केले, जेणेकरून भिंत पुन्हा श्वास घेऊ शकेल. हे काम काही वर्षे चालले आणि २०१८च्या डिसेंबरमध्ये कस्र अल होस्न संग्रहालय म्हणून सर्वांसाठी खुले झाले. आता तिथे जुन्या किल्ल्यात अबुधाबीचा इतिहास समजतो आणि बाहेरच्या वाड्यात राजघराणे कसे राहत असे ते पाहायला मिळते.

आमच्या संगणकाच्या धंद्यातही हाच धडा आहे. जुना प्रोग्राम दुरुस्त करायला घेतला की नवख्या माणसाला वाटते, हे सगळे ओबडधोबड आहे, वरून एक छान नवा थर चढवू. अनुभवी माणूस आधी विचारतो, हे असे का लिहिले असेल? जुन्या माणसांनी काहीतरी कारण असल्याशिवाय केलेले नसते. कारण कळले की मग बदल जरूर करावा. पण आधी कारण, मग बदल.

आपला शनिवारवाडा

पुण्याचा शनिवारवाडा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. थोरल्या बाजीरावांनी १७३० साली त्याचा पाया घातला आणि १७३२ साली वास्तुशांत झाली. तिथे क्रम उलटा आहे. आधी वाडा झाला आणि त्याच्याभोवतीचा बुरुजांचा तट नंतर नानासाहेबांच्या काळात पुरा झाला. अबुधाबीत आधी बुरूज आणि दीडशेच्या वर वर्षांनी वाडा. १८२८ साली मोठी आग लागून शनिवारवाड्याच्या आतले लाकडी महाल जळून गेले. राहिला तो तट, दिल्ली दरवाजा आणि आतले जोते. म्हणजे तिकडे गढीचे टरफल राहिले आणि आतला गर गेला. इकडे दोन्ही शाबूत आहेत. दोन्ही वास्तू पाहिल्या की एकीवरून दुसरी समजते.

तुम्हाला ठाऊक आहे का?

शारजाचा 'अल होस्न' किल्ला १८२३ साली बांधलेला. तोही राज्यकर्त्यांचा किल्ला आणि वाडा. १९६९ साली तो पाडायला सुरुवात झाली. राजघराण्यातला एक तरुण तेव्हा कैरोला शेतकी शिकत होता. बातमी कळताच तो धावत परत आला आणि पाडण्याचे काम थांबवले. तोवर एक बुरूज आणि थोड्या भिंतीच उरल्या होत्या. त्याने दारे, खिडक्या जपून ठेवल्या, पायाची मापे टिपून घेतली. पुढे तोच तरुण १९७२ साली शारजाचा राज्यकर्ता झाला: शेख डॉ. सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी. १९९६-९७ साली त्यांनी जपून ठेवलेल्या मापांवरून किल्ला पुन्हा उभा केला. म्हणजे एका बुरुजावरून आणि एका वहीवरून सबंध किल्ला परत आला!

पालकांशी दोन शब्द

आपण मुलांना शनिवारी मराठीच्या वर्गाला आणतो, तेव्हा मनात हीच धास्ती असते की घरातली मराठी ढासळते आहे. मग आपण घाईघाईने तिला जाड कोट चढवतो. शुद्धच बोल, इंग्रजी शब्द आला की दंड, पाहुण्यांसमोर श्लोक म्हणून दाखव. वरून चकचकीत दिसते. पण मुलाला आजीशी फोनवर भांडता येते का? मित्राची तक्रार मराठीत सांगता येते का? ती रोजची, खडबडीत, छिद्राछिद्रांची भाषा हीच खरी भिंत. ती श्वास घेत राहिली तर गिलावा नंतर देता येईल. आम्ही आता आठवड्यातून एक दिवस फोन मुलांच्या हातात देऊन खोलीबाहेर जातो. आजी आणि ती, तिघे काय वाटेल ते बोलतात. चुका होतात, हशा होतो, तास निघून जातो.

गावच्या माजघराची भिंत आम्ही गेल्या मे महिन्यात पुन्हा घातली. मातीची. आजी खुर्ची टाकून बसली होती आणि गवंड्याला सूचना देत होती. कोनाडाही केला आहे. तो आजोबांचा नाही, पण मापाला तोच आहे, कारण माप आजीच्या लक्षात होते.

शब्दार्थ

गढी – तट व बुरूज असलेला राहता वाडा
टेहळणी – उंचावरून लक्ष ठेवणे
ठाणे – मुक्कामाची व कारभाराची जागा
प्रवाळ – पोवळे. समुद्रातील सूक्ष्म जिवांनी बनवलेला दगड
गिलावा – भिंतीवरचा लेप
सच्छिद्र – छिद्रे असलेला
लोणा – ओलीमुळे भिंतीवर येणारे मीठ
जोते – इमारतीचा पाया, चौथरा
कोनाडा – वस्तू ठेवण्यासाठी भिंतीत केलेली जागा
'कोट' – ह्या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक अंगात घालायचा. दुसरा कोणता? (सूचना : 'भुईकोट' शब्द आठवा.)

स्वाध्याय

१. बुरूज, किल्ला, वाडा, संग्रहालय ह्या चार पायऱ्या सालांसह क्रमाने लिहा.
२. तेलाचा करार १९३९ साली ७५ वर्षांसाठी झाला. तो कोणत्या साली संपला असेल?
३. अबुधाबीच्या जुन्या भिंतीवर आधीही पांढरा गिलावा होता. मग नव्या गिलाव्याने नुकसान का झाले? तीन वाक्यांत सांगा.
४. आजी-आजोबांना फोन करून विचारा : तुमच्या लहानपणीचे घर कशाचे होते? भिंती कोण सारवत असे? पाच-सहा वाक्ये लिहून आणा. चुका झाल्या तरी चालतील.

करून पाहा

संक्रांतीची दोन कोरी सुगडी घ्या. एकाला बाहेरून ऑइलपेंट लावून पूर्ण वाळू द्या. रंग लावताना मोठ्यांना बरोबर घ्या. दोन्हींत सारखेच पाणी भरून एक-एक चमचा मीठ विरघळवा. दोन्ही बशीत ठेवा. दुसऱ्या दिवशी बाहेरून हात लावून पाहा, कोणते ओलसर आणि गार लागते? चार-पाच दिवसांनी बिनरंगाच्या सुगडाच्या बाहेर काय दिसते? तोच लोणा. आता विचार करा, रंगाच्या सुगडातले मीठ कुठे गेले असेल? उत्तर वहीत लिहा आणि दोन्ही सुगडी पुढच्या शनिवारी वर्गात घेऊन या.